वॉल्वच्या जागी बूच

अमृतराव : ...तसं न्हाई जनका. टाकीत पाणी कमी पडलं असंल. कोरडी टाकी तापली की फाटतीच. तुझ्या जळबानं पाणी बघितलं नसंल.

जनकाबाई : पाणी मीच भरलं व्हतं, घागरी मोजून. जाळ बी मीच घालत व्हते.

अमृतराव : मंग जाळ जास्ती झाला असंल.

जनकाबाई : काका, मी भांडायला न्हाई आले. काल ह्ये गेल्यावरचं पुण्यानुमोदन झालं, आज दोन एसट्या बदलून पुसेगावाहून वसमतला आले. माझं एकच काम हाय. आमच्या गावच्या सोमेश्वरचा हळद शिजवायचा कुकर उद्या सकाळी पेटणार हाय. त्याला फोन करा. पेटवू नको म्हणा.

अमृतराव : सोमेश्वरचा कुकर चांगला हाय की. जळबाचा आन् त्याचा, दोन्ही एकाच हप्त्यात बनवले म्या.

जनकाबाई : म्हणून तर आले.

अमृतराव : बाई, वीस वर्षं झाली मला हे काम करून. टाकीवर हातोडी मारली की आवाजावरून सांगतो, जोड पक्का का कच्चा. या दुकानाचं नाव कुणाला बी विचार.

जनकाबाई : विचारायचं काय त्यात? ह्येच म्हणायचे. मी म्हणलं व्हतं, कंपनीचा घ्या, त्याच्यावर पाटी असती, पाण्याचा दाब देऊन तपासल्याला असतो, सरकारचा शिक्का असतो. तर हसले. म्हणले, अमृतकाकाचा हात लागला की झाला शिक्का.

अमृतराव : म्या बी त्याला लेकरासारखंच धरलं ना! इथंच वेल्डिंग शिकला तो, दोन सीझन. मला काय तकलीफ न्हाई का? चौदा दिस झाले, रोज त्याचीच याद येती.

जनकाबाई : मंग करा फोन.

अमृतराव : आन् काहून म्हणून विचारलं तर?

जनकाबाई : वॉल्वच्या जागी काय बसवलं, ते सांगा.

(अमृतराव हातातली हातोडी खाली ठेवतात.)

अमृतराव : तुला कुणी सांगितलं?

जनकाबाई : ह्यांनीच. कुकर घरी आणला त्या दिशी विचारलं मी, वर हे काय आवळलंय? म्हणले, बूच हाय. जास्तीची वाफ सोडणारा वॉल्व नांदेडहून यायचा हाय, आला की काका बसवून देतील.

अमृतराव : तोच घाई करून राहिला व्हता! सहा जणांची हळद काढून पडल्याली, समद्यांला शिजवायच्या तारखा देऊन बसल्याला. काका, सध्या बूच मारा म्हणला. म्या म्हणलं, आठ दिसांचा तर सवाल हाय. जाळ बेतानं घाला.

जनकाबाई : बेतानं म्हंजे किती, काका?

अमृतराव : ते म्या कधी मोजलं न्हाई.

जनकाबाई : मला बी कळलं न्हाई. मी आपला माझ्या अंदाजानं घातला. हळदीचा तिसरा ड्रम शिजत व्हता. धुरानं खोकला आला मला. ह्ये म्हणले, ऊठ, पाणी पिऊन ये, मी बसतो. बांधापस्तोर बी गेले नव्हते, तर टाकी फुटली... माझी जागा व्हती ओ ती. माझ्या जागेवर बसले व्हते ते.

अमृतराव : रडू नको, माय.

जनकाबाई : रडू द्या. घरी रडता येत न्हाई. सासरा म्हणतो, पोरानंच कायतरी चुकवलं, अमृतरावचं काम चुकत न्हाई. सोमेश्वरकडं गेले, तर त्याची माय म्हणली, दुःखानं डोकं फिरलं बाईचं. त्या घरात पाच माणसं हायत. जाळ घालायला सून बसणार हाय, माझ्यासारखीच. माझं कुणी ऐकत न्हाई, काका. तुमचं ऐकतील.

अमृतराव : कसं सांगू? पोलिसांपुढं लिहून दिलंय म्या, की वॉल्व बसवला व्हता.

जनकाबाई : व्हय. म्हणून समद्या गावाला वाटतं, ह्यांनीच काढून टाकला.

अमृतराव : माझी पुनम लई दिसांपासून म्हणत व्हती. आयटीआय केल्याली पोरगी. बाबा, परीक्षा द्या, परवाना काढा, टाक्या तपासून घेत जा, हे अंदाजाचं काम न्हाई. म्या म्हणलं, कागदानं जोड पक्का व्हतो का? खरं सांगू का जनका, लाज वाटली मला. या वयात साहेबापुढं वेल्डिंग करून दाखवायचं, आन् त्यानं नापास केलं तर?

जनकाबाई : नापास केलं असतं, तर ह्ये जित्ते असते.

अमृतराव : तूच लाव नंबर. ह्यो घे फोन.

सोमेश्वर (फोनवर) : बोला काका! उद्याची समदी तयारी झाली बघा. नारळ बी आणून ठिवला.

अमृतराव : सोमेश्वर, कुकर पेटवू नको.

सोमेश्वर : काहून?

अमृतराव : त्याला वॉल्व न्हाई. जळबाच्या बी नव्हता. दोन्हीला म्याच बूच मारलं.

सोमेश्वर : आवो, जळबानं कायतरी उलटंसुलटं केलं म्हणून झालं ते. आमी ध्यान ठिवून करू. तुमचं काम हाय, मंग भेव कशाचं?

अमृतराव : जळबानं काय बी उलटं केलं न्हाई! ऐक नीट. तपासल्याबिगर टाकी दिली म्या त्याला. म्या मारलं त्याला, सोमेश्वर.

सोमेश्वर : काका, काय बोलून राहिले तुमी?

अमृतराव : खरं बोलून राहिलो. उद्या पुसेगावला येतो, चार माणसांत सांगतो, पोलिसांपुढं बी सांगतो. तोवर त्या टाकीखाली काडी घालू नको. घरच्या सुनेला जवळ बी जाऊ देऊ नको.

सोमेश्वर : न्हाई पेटवत. तुमी म्हणले, तर न्हाई पेटवत.

अमृतराव : झालं, जनका. ऐकलं त्यानं.

जनकाबाई : व्हय. एका फोनात ऐकलं.

अमृतराव : आता तरी घोटभर पाणी पी, माय.

जनकाबाई : ह्यांनी बी ऐकलं असतं, काका.