अँटेनाचं तोंड

हवेतून येतं म्हणे! अहो, हवेतून येतं तर आमच्या घरात का येत नाही? आमच्या घरात काय हवा नाही? खिडक्या उघड्या, दार उघडं, मी स्वतः छपरावर, हातात पाना, तोंडात दोन स्क्रू, आणि खालून बायको ओरडतेय, "आलं... आलं... गेलं!" तुम्हाला सांगतो, एकेचाळीस वर्षांच्या संसारात रॉक्सी माझ्याशी इतकं कमी शब्दांत कधी बोलली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, डेल्बर्ट, चौसष्ट वर्षांचा तू, चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालास, गुडघे कुरकुरतात, छपरावर कशाला चढलास, सरळ केबल घे ना... होती की केबल! सतरा वर्षं होती! पण आम्ही राहतो विस्कॉन्सिनात, आणि नदी ओलांडली की मिनेसोटा, आणि आमचा जिल्हा कुणीतरी टीव्हीच्या नकाशावर तिकडच्या मिनियापोलिसच्या पदरात टाकलाय. त्यामुळे रविवारी दुपारी बारा वाजता फुटबॉल लावावं तर केबलवर कोण? वायकिंग्ज! नदीपलीकडचे जांभळे! आणि आमचे हिरवे-पिवळे पॅकर्स कुठे? तर ते ओ क्लेअरच्या चॅनेलवर, पूर्वेला, पन्नास मैलांवर. म्हणजे मी कर भरतो विस्कॉन्सिनात, मासेमारीचा परवाना विस्कॉन्सिनचा, आणि मॅच बघायची परराज्याची. हे कुठल्या न्यायात बसतं, सांगा!

बरं, रॉक्सी नदीपलीकडची. हे लग्नाआधी माहीत होतं, तक्रार नाही. ती तिच्या जांभळ्यांची मॅच घरी बघायची, मी माझी बघायला आईकडे जायचो. कारण आईकडे दिसते! आईचं शेतघर टेकडीच्या माथ्यावर, टीव्हीच्या डोक्यावर दोन काड्या, त्यातली एक मोडकी, तिला कपडे वाळत घालायचा चिमटा, आणि चित्र असं स्वच्छ की खेळाडूच्या दाढीतलं गवत दिसतं. हाय डेफिनिशन! आईला त्या शब्दाचा अर्थही माहीत नाही.

तर हे सगळं सुरळीत चाललं असताना फेब्रुवारीत आई पडली.

आईचं नाव अर्डिस, वय सत्याऐंशी. लोणच्याची बरणी आणायला तळघरात उतरत होती, तिसऱ्या पायरीवरून खाली. दोन तास तिथेच बसून होती. हाड मोडलं नाही, नशीब, पण दोन तास हो! मी पोचलो तर म्हणते कशी, "आलास? बरणी फुटली नाही बघ." मी त्या रात्री जेवलो नाही. मी म्हटलं, आई, पुरे झालं, आता तू आमच्याकडे राहायला ये. नाही म्हणाली. मार्चमध्ये नाही, मेमध्ये नाही, ऑगस्टमध्ये म्हणाली, "येईन. पण रविवारची मॅच दिसली पाहिजे. दोन रविवार राहून बघते. दिसली तर राहते, नाही दिसली तर मला परत सोडायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

आता आली का पंचाईत? चार मैलांवरून आईला आणायचं, तर पन्नास मैलांवरून चॅनेल आणायचं!

गेलो हार्डवेअरच्या दुकानात. तिथे बेव्ह बसते, तिला सगळं येतं. म्हणजे असं ती म्हणते. "डेल्बर्ट, सोप्पंय रे! ही मोठी घे, छपरावर लाव, पूर्वेला तोंड कर, टीव्हीला चॅनेल शोधायला सांग, झालं. फुकट! हवेतून येतं!" मी म्हटलं, बेव्ह, आमचं घर दरीत आहे, पूर्वेला टेकडी आहे. तर म्हणाली, "मग थोडी उंच लाव." थोडी उंच! मी बारा फुटी खांबावर लावली. शिवाय तिने सिग्नल वाढवायची डबीही दिली. ती डबी इतकी जोरदार की पश्चिमेचे बेचाळीस चॅनेल आले, स्पॅनिश आले, स्वयंपाकाचे आले, दागिने विकणारे तीन आले, आणि ओ क्लेअरचं एक आलं ते पाच सेकंद.

पूर्वी असं नव्हतं, तुम्हाला सांगतो. पूर्वी मुंग्या यायच्या. पण त्या मुंग्यांमधून मॅच दिसायची! कोण पळतोय, कोण पडला, अंदाज यायचा. आता सिग्नल थोडा कमी पडला की चित्राचे चौकोन होतात, मग निळा पडदा, आणि त्यावर लिहून येतं, 'सिग्नल नाही.' अरे नाही तर नाही, निदान मुंग्या तरी दाखवा!

आणि ते चॅनेल शोधणं... अँटेना दोन बोटं हलवली की पुन्हा शोधायला लावायचं. एक टक्का... दोन टक्के... तेवढ्यात मी शिडीवरून खाली, कॉफी पिऊन पुन्हा वर... अठ्ठावन्न टक्के... आणि दर वेळी आधीचे सापडलेले पुसून टाकतो! म्हणजे जुने राहू दे, नवे घाल, एवढी साधी गोष्ट. हवेतून येतं म्हणे! येतं, आणि तसंच जातं.

अशातच मी एक चूक केली. तपासायचं म्हणून, फक्त तपासायचं म्हणून हो, की तार ठीक आहे ना, मी अँटेना पश्चिमेला फिरवली. चित्र लख्ख! म्हणजे तार ठीक. तेवढ्यात रॉक्सीने जेवायला हाक मारली, गरम हॉटडिश, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे, मी जेवायला बसलो. चाळीस मिनिटं. फक्त चाळीस मिनिटं त्या अँटेनाचं तोंड मिनेसोटाकडे होतं, आणि तेवढ्यात समोरून मायलो प्रोहास्का गेला.

मायलो माझा शेजारी. त्याचा ट्रॅक्टरही हिरवा-पिवळा आणि मोजेही हिरवे-पिवळे. दारात येऊन टोपी काढली. कुणाच्या घरी कुणी गेल्यासारखी! "डेल्बर्ट, घरी सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. का रे?"

"नाही... वर बघितलं म्हणून विचारलं. रॉक्सीने जबरदस्ती केली का? तसं असेल तर सांग, आम्ही आहोत."

मी समजावलं, तार तपासत होतो रे बाबा. तो मान हलवत गेला. रविवारी चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच. बारा वाजताची मॅच असली की आमचे पाळक प्रवचन अकरा मिनिटांत आटपतात, हा रिवाजच आहे, पण त्या दिवशी चौदा मिनिटं बोलले, विषय निष्ठा, आणि त्यातली तीन मिनिटं माझ्याकडे बघून. नंतर कॉफीला लिंबाच्या वड्या होत्या, मला कडेची मिळाली, करपलेली. मी खाल्ली, काय करणार?

पहिल्या रविवारी आई आली. हिरवा स्वेटर, हातात पर्स, मांडीवर पर्स ठेवून सोफ्यावर ताठ बसली. मी गुरुवारी बघितलं होतं हो, सकाळी धुकं होतं, ओ क्लेअर असं सुरेख आलं होतं! पण रविवारी ऊन पडलं. वारा सुटला. पहिली दहा मिनिटं चाललं, आणि मग ऐन मोक्याच्या वेळी, चेंडू हवेत... चौकोन. आवाज तुटक, "आणि त्याने तो... कड... कड... अप्रतिम!" काय अप्रतिम? कुणाचं अप्रतिम?

आई बघत राहिली. मग म्हणाली, "डेल्बर्ट, हे खेळाडू आहेत की चर्चमधल्या बायकांनी शिवलेली गोधडी?"

मी म्हटलं, आई, पुढच्या रविवारी नक्की. ती म्हणाली, "बरं." आणि चौकोनांकडे बघत शांतपणे सॉसेज खाल्लं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तो आठवडा मी छपरावरच काढला असं समजा. बेव्ह म्हणाली, "मग दोन लाव ना! एक पूर्वेला, एक पश्चिमेला, एकाच तारेत जोड, दोघंही खूश!" लावल्या. त्या दोघी एकमेकींशी भांडल्या. पश्चिमेची जिंकली. मी पश्चिमेची काढून टाकली, तार पुन्हा जोडली, डबी बदलली, खांब आणखी चार फूट वर नेला, शनिवारी संध्याकाळी ओ क्लेअर आलं, टिकलं, मी रॉक्सीला म्हटलं, कुणी काही हात लावू नका, श्वाससुद्धा हळू घ्या.

रविवार, दुपारचे बारा वाजायला दहा मिनिटं. आई सोफ्यावर. टीव्ही लावला. सिग्नल नाही! माझ्या तोंडचं पाणी पळालं. चॅनेल शोधायला लावलं... एक टक्का... आई घड्याळाकडे बघतेय... तीस टक्के... राष्ट्रगीताची वेळ झाली असणार... साठ... रॉक्सी म्हणतेय, "डेल्बर्ट, हातातला रिमोट इतका दाबू नकोस"... शंभर! आणि पडद्यावर, माझ्या घरात, माझ्या आईसमोर, भिंतभर, आरशासारखे स्वच्छ... जांभळे!

आई उठली. कोट घातला. म्हणाली, "गाडी काढ."

रॉक्सीही मागच्या सीटवर बसली. वर पोचलो, तिने टीव्हीचं बटण दाबलं, आणि आली मॅच, अगदी सहज, कुणाला काही विचारावं न लागता. आम्ही तिघं बसलो. मध्यंतराला आई उठली, म्हणाली, लोणचं आणते, आणि मी नको म्हणेपर्यंत तळघराच्या दारापाशी. एक हात भिंतीला, दुसरा हवेत, पाऊल खाली चाचपडत... मला भीती वाटली. सरळ सांगतो तुम्हाला, आईला इथे एकटी टाकून खाली दरीतल्या घरी परत जायचं, हे मला जमणार नव्हतं. मी धावलो, बरणी मी आणली. ती म्हणाली, "झाकण घट्ट आहे का रे?"

तेव्हा रॉक्सी बोलली. दोन आठवडे शिडीखाली उभी राहून 'आलं, गेलं' करणारी रॉक्सी. म्हणाली, "अर्डिस, ते चॅनेल खाली येत नाही. मग आम्हीच वर येतो. वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत ना?"

आई तिच्याकडे बघत राहिली. टीव्हीवर दुसरा हाफ सुरू झाला तरी बघत राहिली. माझ्या आईने मॅच चालू असताना पडद्यावरून नजर हटवलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. मग म्हणाली, "आणि तुझ्या मॅचचं काय?"

रॉक्सी म्हणाली, "राहू दे हो."

"राहू दे कशाला? खालचं घर आहे ना? रविवारी गाडी घेऊन जा, बघ, ये. डेल्बर्ट! ते यंत्र तिच्या बाजूला फिरवून दे."

तर तुम्हाला सांगतो, आता चौसष्टाव्या वर्षी मी आईकडे राहतो. पायांत मोजे नसले तर बोलणी खातो. रविवारी बारा वाजता रॉक्सी खाली जाते, एकटी, चिप्सचं पाकीट घेऊन, आणि तिकडे तिला सगळं लख्ख दिसतं. हवेतून येतं म्हणे! येतं की! आणि ती अँटेना आहे तशीच, सोळा फूट उंच, तोंड मिनेसोटाकडे, येताजाता अख्खं गाव बघतं आणि मायलो अजून टोपी काढतो. मीच चढून फिरवली. आणि शिडी कुणी धरली होती, माहितीये? आईने. तोंड दुसरीकडे करून धरली... पण धरली.