बाचाबाची नव्हती ती

ताई : ...आणि मग ती म्हणते कशी, "बसा, बसा, तुमचीच तर वाट बघत होते!" अरे, पोलीस असं कधी कुणाला म्हणतात का?

धाकटा : आधी दार लाव. श्वास घे. कोण म्हणाली?

ताई : अधिकारी बाई! मुख्यालयात द्वेषाच्या गुन्ह्यांसाठी वेगळा कक्ष आहे म्हणे. जिन्याखाली. बाहेर ही चकचकीत पाटी, अमुक मंत्र्यांच्या शुभहस्ते वगैरे, आणि आत एक टेबल, एक बाई आणि मोडक्या खुर्च्यांची रास. सरकारनं कायदा केला, खोली दिली, फीत कापली आणि हात झटकले.

धाकटा : तू मुख्यालयात गेलीस? मी नको म्हटलं होतं ना?

ताई : तू नको म्हटलंस. मी हो कुठं म्हटलं?

धाकटा : ताई, चौकीत सगळं लिहून झालंय. बसथांब्यावर बाचाबाची झाली, धक्काबुक्की झाली, माझा हात मोडला. मिटलं.

ताई : बाचाबाचीला दोन तोंडं लागतात. तू काय बोललास त्यांना, सांग बरं एकदा.

धाकटा : झालं असेल काहीतरी. आठवत नाही.

ताई : आठवत नाही कसं? चौकीतला तो हवालदार पेन उघडायच्या आधीच म्हणाला होता, "लवकर मिटवायचंय की लांबण लावायचंय?" आणि तू म्हणालास लवकर. मी बाजूलाच उभी होते. तेव्हाच माझ्या डोक्यात किडा शिरला. तुला सांगते, तेव्हापासून त्या थांब्यावर टॅक्सी लावते आणि येईल त्या बसच्या ड्रायव्हरला विचारते, बाबा, त्या दिवशी तू होतास का?

धाकटा : भाडी सोडून?

ताई : भाडी सोडून. लोक हात करायचे, मी मान फिरवायचे. आज सकाळी एक मिशाळ ड्रायव्हर भेटला. मी विचारायच्या आधीच म्हणतो, "बेकरीतल्या त्या पोराची तू कोण?" मी म्हटलं, सख्खी मोठी बहीण. तर भला माणूस स्टिअरिंग सोडून खाली उतरला आणि माझे दोन्ही हात धरले. "जिवंत आहे ना?" म्हणाला.

धाकटा : त्यानं पाहिलं?

ताई : पाहिलं? अरे, त्यानंच वाचवलं तुला! बसमधला तो लाल नळा असतो ना, आग विझवायचा, तो घेऊन उतरला आणि तिघांच्या तोंडावर सोडला. म्हणाला, "पिठात लोळलेल्या उंदरांसारखे पळाले."

धाकटा : ते पांढरं... ते त्याचं होतं? मला वाटलं, मला भोवळ आली. मला वाटलं, संपलो आपण.

ताई : नाही रे राजा, ती पावडर होती. तुला अँब्युलन्समध्येही त्यानंच चढवलं. डेपोत साहेबाला सगळं सांगितलं, आणि पोलीस विचारायला येतील म्हणून वाट बघत बसला. कुणी काळं कुत्रं फिरकलं नाही. का फिरकेल? कागदावर बाचाबाची. बाचाबाचीला साक्षीदार कोण शोधतो?

धाकटा : बरं, भेटला. आभार मानले असशील. झालं.

ताई : झालं काय, तिथं तर सुरू झालं! तो म्हणतो, बसच्या दाराशी कॅमेरा आहे, त्याला आवाजही येतो. दार उघडंच होतं. पण नवीन चित्रण जुन्यावर चढत जातं, आणि तुझं ते आज नाहीतर उद्या पुसलं जाणार. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. चौकीत जावं तर तोच हवालदार. म्हणून थेट मुख्यालय. म्हटलं, बसून राहीन दारात, उचलून फेकतील फार तर. आणि तिथं ही बाई. माझं ऐकता ऐकता उठलीच. टोपी घातली. म्हणाली, "तुमच्याकडे गाडी आहे? कारण माझ्याकडे नाहीये."

धाकटा : पोलिसाला तुझ्या टॅक्सीतून नेलंस?

ताई : मीटर न टाकता! आणि मी अशी हाणली गाडी, की बस. वाटेत लाल दिवा. मी म्हटलं, पोलीसच मागे बसलेत, सिग्नल तोडू का? ती म्हणाली, "तोडा. मग उतरून मी तुमची पावती फाडते."

धाकटा : हं.

ताई : हसलास! हसलास की नाही? किती दिवसांनी हसलास रे.

धाकटा : हसलो नाही. पुढं सांग.

ताई : मागून ती फोनवर. त्या हवालदाराला झापत होती. तो काय म्हणाला ते मला ऐकू येत होतं, फोन नुसता भोंग्यासारखा वाजत होता. "मॅडम, शब्दांनी कुणाचा हात मोडत नाही." तर ही शांतपणे म्हणते, "शब्दांनी मोडत नाही. पण कुणाचा मोडायचा, ते शब्दांनीच ठरलं." मला तर गाडी थांबवून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि मग मला सांगते, "दरवर्षी मंत्री उभे राहून सांगतात, आपल्या शहरात द्वेषाचा एकही गुन्हा नाही. खरंच नाही. आम्ही बाचाबाची लिहितो, मग असेल कुठून?"

धाकटा : आणि डेपोत?

ताई : डेपोचा साहेब म्हणे, वरून पत्र आणा. ती म्हणाली, "कागद द्या," आणि त्याच्याच टेबलावर उभ्या उभ्या पत्र लिहून त्याच्या हातात ठेवलं. "आलं वरून." तंत्रज्ञ होता बिचारा, त्यानं धावत जाऊन ते पुसणं थांबवलं. मिळालं रे! सगळं मिळालं! चेहरे स्वच्छ. दोघांना तर दुपारीच उचललं, तिसऱ्याच्या घरी पोलीस बसलेत. आणि गुन्हा नव्यानं नोंदवतायत, त्या नव्या कायद्याखाली! तुझ्यापासून सुरुवात आहे. शहरातली पहिली!

धाकटा : आवाज पण आहे म्हणालीस.

ताई : हो.

धाकटा : तू ऐकलंस?

ताई : ऐकलं.

धाकटा : सगळं?

ताई : सगळं. "आमच्या बसथांब्यावर ही भाषा बोलायची नाही" पासून.

धाकटा : म्हणून मी नको म्हणत होतो, ताई! लिहून काय होणार? हात डॉक्टरांनी जोडलाय. पण आता ते कोर्टात वाजवणार. पेपरात येणार. बेकरीत लोक पावाकडे नाही, माझ्याकडे बघणार. हा तो मार खाल्लेला. आणि तू ते ऐकलंस ना, पुढचं? आईबद्दलचं?

ताई : हळू बोल. ती आत पडलीय.

धाकटा : तिच्याशीच तर बोलत होतो मी फोनवर. त्यांनी फोन हिसकावला, विचारलं कोण आहे, आणि मग जे बोलले... ते तिच्या कानावर गेलं तर? मी तिला सांगितलंय की फोन पडला आणि बंद झाला. तिला काही माहीत नाही. माहीत होऊही नये. त्या बाईला सांग, मला काही लिहून द्यायचं नाही.

ताई : ती खाली उभी आहे रे. माझ्याच टॅक्सीतून आणलंय तिला. तुझा जबाब घ्यायला आलीय.

धाकटा : इथं? आत्ता? परत पाठव.

(आई आतल्या खोलीतून येते.)

आई : कुणाला परत पाठवताय? दारी आलेल्याला?

ताई : आई, तू झोपली नव्हतीस?

आई : तुझ्या आवाजापुढं मेलेला माणूस उठून बसेल. सगळं ऐकलं मी. काय रे, मला काही माहीत नाही होय?

धाकटा : तसं नाही आई, फोन पडला तेव्हा...

आई : पडला. बंद नाही झाला. माझ्या कानाला लावलेलाच होता. तुला म्हणाले ते ऐकलं, मला म्हणाले ते ऐकलं, आणि मग तुझा हात मोडल्याचं ऐकलं. लाकूड मोडावं तसं.

ताई : आई गं.

धाकटा : मग बोलली का नाहीस?

आई : तू म्हणालास बाचाबाची. मला वाटलं, पोराला ते परत तोंडानं बोलायचं नसेल, तर आपण कशाला खपली काढायची. तू माझ्यासाठी तोंड शिवलंस, मी तुझ्यासाठी. आणि ते तिघं मोकळे हिंडले. काय शहाणे आपण दोघं!

धाकटा : तुला वाईट वाटलं असतं.

आई : वाईट? मला राग आलाय. या वयात मला त्या दीडशहाण्यांनी जे म्हटलं ना, ते माझ्या सासूलाही कधी सुचलं नाही, आणि तिची जीभ म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे! मारलं तुला, शिव्या मला. म्हणजे फिर्यादी मी पण. काय गं, त्या बाईला दोघांचा जबाब चालेल का?

ताई : चालेल काय, ती उड्या मारेल! थांब, फोन वाजतोय. हॅलो? हो, हेच घर. कोण? मंत्रीसाहेबांचं कार्यालय? उद्या? सोबत कोण... कॅमेरेवाले? आई, मंत्री येतायत म्हणे उद्या. सांत्वनाला.

धाकटा : नाही! त्या मोडक्या हाताचा फोटो कुणी काढायचा नाही.

आई : आण इकडं तो फोन. हॅलो. मी त्याची आई बोलतेय. साहेबांना सांगा, आमच्याकडे बसायला जागा नाही. पण मुख्यालयात जिन्याखाली एक बाई एकटी बसते, तिच्याकडे खुर्च्या खूप आहेत, फक्त सगळ्या मोडक्या. आधी त्या बदलून द्या. एक गाडी द्या. आणखी चार माणसं द्या. मग आमच्याकडे या, चहा पाजते. कॅमेरे न आणता. ठेवू?

ताई : ठेवलासही! आई, तू मंत्र्याचा फोन ठेवलास!

आई : मग काय कडेवर घेऊन बसू? जा, त्या बाईला घेऊन ये वर. लिफ्ट बंद आहे, जिन्यात दिवा नाही, बिचारी ठेचकाळेल. आणि येताना तिला सांग, माझा मुलगा हळू बोलतो, घाई करायची नाही.

ताई : ही चालले! धाकट्या, सांगशील ना रे? सांगशील ना?

धाकटा : जा तू. घेऊन ये.

ताई : आले!

आई : चप्पल घाल! गेली तशीच अनवाणी. वारं प्यालीय नुसती. ये, इथं बस उजेडात. उशी घे हाताखाली. घाबरलास?

धाकटा : थोडा. आई, एक सांगू?

आई : सांग की.

धाकटा : तू हाका मारत होतीस फोनवर. माझं नाव घेऊन. मला ऐकू येत होतं, पण फोन लांब पडला होता. म्हणून ओ देता आली नाही.

आई : कळलं होतं रे मला. म्हणून तर थांबले नाही हाका मारायची.