गुसाडीची आंघोळ

किनवटहून नांदेडला निघालेली बस भोकरला थांबली, तेव्हा मागच्या सीटवर नात आजीला वहीतली चित्रं दाखवत होती.

"समदं तूच काढलंस, रंभे?"

"हाव. लातूरला, क्लासहून हॉस्टेलात आल्यावर. आपल्या गोंडांच्या लेकरांसाठी पुस्तक हाय. आजच छापायला द्यायचंय."

"ढोल लई भारी. अन् ही म्हातारी कोण?"

"तूच. गोंदण बघ की!"

"अगं माय, हनुवटीवरचे तीन ठिपकेबी! अन् हा मोरपिसांचा टोप घातलेला?"

"दिवाळीत नाचणारा गुसाडी. पहाटे आंघोळ करून राहिलाय."

"आंघोळ?"

"दिवाळीची पहिली आंघोळ, आजी."

"ती दुसऱ्यांची. गुसाडीच्या अंगात देव असतो. दंडारीचा नाच संपेस्तोवर तो अंगाला पाणी लावत न्हाई. तुझा आजा आठ-आठ दिवस तसाच नाचायचा."

"दोन दिवाळ्या क्लासमध्येच गेल्या. विसरले बघ. पान फाडू का? पण दुसरं काढायला वेळ न्हाई."

"फाडू नको! डोळे तर हुबेहूब तुझ्या आज्याचे उतरलेत. गुसाडी अंगाला काय फासतो?"

"राख."

"मंग? पेन्सिल हाय ना?"

बस निघाली. मागून पेन्सिल घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"अंगावरचं समदं पाणी राखेनं झाकलं, आजी. आता?"

"आता ओळखला मी ह्याला. यंदा दिवाळीला घरी ये. नाच संपला की समदे गुसाडी आंघोळीला जातात. ते पान तिथं बसून काढ."