उदासपणाचा पेपर

…आणि वर म्हणते कशी, "आजोबा, हलायचं नाही!" अहो, हलायचं नाही म्हणजे काय? दगड आहे का मी? तुम्हाला सांगतो, तोपर्यंत माझं नाक अगदी बरं होतं. एकाहत्तर वर्षांत त्या नाकाने कधी तक्रार केली नव्हती. पण ती मशीनवाली बाई "हलायचं नाही" म्हणाली आणि नाकाच्या शेंड्याला अशी खाज सुटली, अशी सुटली की विचारू नका! डोकं पिंजऱ्यात, हात अंगालगत, कानांवर जाडजूड हेडफोन, चष्मा काढून घेतलेला, कवळी काढून घेतलेली, कमरेचा पट्टासुद्धा काढून घेतलेला… माणसाचं उरलं काय? एक खाज! आणि ती खाजवायची नाही!

तुम्ही म्हणाल, गेलात कशाला मग त्या मशीनमध्ये? हौसेने नाही हो गेलो! लेकीने नेलं. झालं असं, की एका दुपारी स्वयंपाकघरातला नळ चालू राहिला. आता नळ काय, कुणाचाही राहतो. पण माझा राहिला तो दोन तास, आणि खाली राहतात वकील! ते वर आले ते ओल्या फायली छातीशी धरून. "सर, तुमच्या नळाने माझ्या अशिलाला बुडवलं!" मी म्हटलं, "ते काम तर तुमचं." झालं! त्यांनी तिथल्या तिथे माझ्या लेकीला फोन लावला.

लेक आली, घरभर फिरली आणि यादी करायला बसली. आईला जाऊन आठ महिने झाले, तेवढ्यात बाबा काय काय विसरले. रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली. किल्ली दाराला बाहेरून तशीच. विजेचं बिल उशीखाली. लेकीचा वाढदिवस… हे शेवटचं तिने जरा मोठ्यांदा वाचलं. आणि तोवर तिकडे जावयाने त्यांच्या घरातली एक खोली रिकामी केलीसुद्धा! मला फोनवर सांगतो, "बाबा, खिडकी पूर्वेला आहे हं, ऊन छान येतं." मी काय कुंडी आहे?

लेक म्हणाली, "आपण मेंदूचा फोटो काढू. काही निघालं तर घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे. नाही निघालं तर राहा एकटे, मी चकार शब्द बोलणार नाही." बघा! बत्तीस वर्षांचं घर, त्यातला हिच्या आईचा डबा न् डबा जिथल्या तिथे ठेवलेला मी, आणि सगळं टांगलं एका फोटोवर!

तर ते डॉक्टर. माणूस चांगला, आवाज इतका हळू की तोच आजारी आहे की काय वाटावं. त्यांचं कामच या विषयावर चाललेलं… उतारवयात मन खचलेल्या माणसांची स्मरणशक्ती का ढासळते, ते मेंदूचे फोटो काढून बघायचं. म्हणाले, "आधी दोन पेपर, मग फोटो." पेपर म्हटल्यावर मी सरसावून बसलो. चौतीस वर्षं भूगोल शिकवलाय हो मी!

पहिला पेपर आठवणीचा. पंधरा शब्द वाचून दाखवले. कंदील, बदक, शिडी, असंच काहीबाही. अर्ध्या तासाने विचारले, मला आले पाच. आणि त्यातले दोन त्यांच्या यादीत नव्हतेच! दुसरा पेपर उदासपणाचा. नऊ प्रश्न. गेल्या पंधरवड्यात उदास वाटलं का? झोप मोडते का? कशात मन लागत नाही असं होतं का? पुढे चौकोन… कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, रोज.

आणि शेजारी कोण बसलेलं? लेक! माझ्या चष्म्याचं घर मांडीवर घेऊन. तिच्यासमोर मी "रोज"वर खूण करू? आई गेल्यापासून त्या पोरीने एकदा डोळ्याला पदर नाही लावला, मग बापाने कसा धीर सोडायचा? शिवाय खरं सांगू? म्हटलं, पहिल्या पेपरात तर दिवे लावलेच आहेत, निदान यात तरी पैकीच्या पैकी काढू! कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही… नऊच्या नऊ! पेन खाली ठेवलं तेव्हा मूठभर मांस चढलं होतं अंगावर.

मग ते मशीन. आत कुणी पत्रा ठोकतंय, कुणी भिंतीला भोक पाडतंय, मध्येच टर्रर्र… आणि त्या गोंधळात डोळ्यांपुढच्या आरशात मोठाल्या अक्षरांत शब्द यायचे. मघाच्या यादीतला असेल तर बटण दाबायचं. आता "शिडी" आली. मी म्हटलं, शिडी मघाशी होती का मी घरी पाहिली? तेवढ्यात कानात… "आजोबा, हलायचं नाही!"

"अहो बाई, मी कुठे हललो?"

"पाय हलतोय तुमचा!"

हलतो ना! आठ महिने झाले, थांबतो कुठे तो? बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की जायचं कुठे ते सुचत नाही. या खोलीतून त्या खोलीत. त्या खोलीत गेलं की वाटतं, आपण इथे कशाला आलो? लेक म्हणते, "बघा, विसरलात." विसरलो नाही गं! कारणच नव्हतं काही! पण हे त्या बाईला कुठे सांगता, तेही कवळीशिवाय? ती आपली एकच… हलायचं नाही!

आठ दिवसांनी निकाल. डॉक्टरांनी पडद्यावर माझा मेंदू लावला. फ्लॉवरचा गड्डा मधोमध चिरावा तसा. चौतीस वर्षं पोरांना नकाशे दाखवले, पण हा मुलूख मी प्रथमच पाहत होतो! डॉक्टरांनी पेन टेकवलं. "हा आठवणींशी संबंधित भाग. वयाच्या मानाने किंचित बारीक आहे."

माझी लेक पुढे सरकली. "म्हणजे काय, डॉक्टर?"

"नुसत्या फोटोवरून ठरत नाही. मन खचलं तरी असं दिसू शकतं, स्मृतिभ्रंशाची सुरुवात असली तरी दिसू शकतं. म्हणून शेजारी हा दुसरा पेपर ठेवायचा. पण यात तर उदासपणा शून्य! सर इतके आनंदात असतील, तर मग हे विसरणं…" आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने पर्समधून फोन काढला. जावयाला कळवायला! पूर्वेची खिडकी!

अहो, पैकीच्या पैकी मिळवून नापास झालेला माणूस पाहिलाय का कधी? बघून घ्या!

मी ताडकन उठलो. "डॉक्टर, मी उदास आहे!"

"सर, बसा…"

"बसतो, पण आहे! भरपूर आहे!"

लेक म्हणाली, "बाबा, काहीतरी बोलू नका. घर सोडायला नको म्हणून आता उदास होताय? रोज फोनवर तर मजेत असता."

"फोनवर!" मी म्हटलं. आता दुःख दाखवायचं तरी कसं? त्याचा काय दाखला मिळतो कचेरीत? शेवटी तोंडातून निघालंच. "तो नळ मी विसरलो नव्हतो. सोडला होता."

"काय?"

"दुपारी जेवणं झाली की तुझी आई भांडी घासायची, आणि मी आत पडून तो आवाज ऐकत ऐकत झोपायचो. आठ महिने दुपारचा डोळा लागला नाही गं. त्या दिवशी म्हटलं, नळ सोडून तरी बघू… आणि लागला! वकील दार बडवेपर्यंत लागला होता."

तुम्हाला सांगतो, त्या खोलीत मग कुणीच हललं नाही. कुणी सांगितलं नव्हतं हलायचं नाही म्हणून, तरी नाही. माझा पाय तेवढा टेबलाखाली चालू.

डॉक्टरांनी कोरा कागद पुढे केला. "आता खरं भरा." भरला. रोज, रोज, बरेचदा, रोज… ते बघून म्हणाले, "मी खात्री देत नाही. पण आधी मनावर उपचार करू. गोळ्या घ्यायच्या, रोज कुणाशी तरी बोलायचं, फोनवर नाही, समोरासमोर. सहा महिन्यांनी परत फोटो. तोवर घर सोडायची घाई नको." म्हणजे जिंकलो की! सहा महिन्यांपुरतं का होईना, वाचलं घर!

लेकीने फोन पर्समध्ये ठेवला. मग म्हणते, "डॉक्टर, तो कागद आणखी एक मिळेल?"

मी म्हटलं, "अगं, माझा भरलाय."

"तुमच्यासाठी नाही, बाबा."

आणि बसली भरायला. कोपर आडवं धरून, मला दिसू नये म्हणून! मास्तरापासून लपवते! मी हळूच मान वाकडी करून पाहिलं… कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही… नऊच्या नऊ! आणि कागदावर टपकन एक थेंब, तोही तिने बोटाने पुसला.

जन्मभर पोरांना सांगत आलो हो, की बाबांनो, कॉपी वाईट, पण केलीच तर निदान हुशाराची करा. आणि माझ्या घरच्या पोरीने उतरवून घेतलं ते कुणाचं? नापास बापाचं!