साचेखात्यातल्या खुणा

रत्नागिरीच्या एस्टी स्टँडवर गोदाताई गुहागरच्या गाडीची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर एक म्हातारा लेकीला मुंबईच्या गाडीत बसवायला आला होता.

“एम.ए. होऊन विलायतेत शिकायचं काय, तर बंद गिरण्या?”

“जुने कारखाने, आबा. यंत्रं, इमारती, कामाची रीत. दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे.”

“आमची गिरणी संपापासून बंद हाय. ती चालवायला कोण पुढं आला नाय. आणि बघायला तुला पैसे देतायत?”

“मुलाखतीत विचारलं, साचेखात्यात मागांचा एवढा खडखडाट, मग कामगार बोलायचे कसे? बाकीची मुलं म्हणाली, ओरडून.”

“ओरडून? येडी की काय! दोनशे साचे चालू असले की बाजूच्याच्या कानात बोंब मारलीस तरी ऐकू नाय यायचं.”

“मी हातांनी करून दाखवलं. धागा तुटला, देखरेखीला जॉबर आला, चहाला चल. तुम्ही सुट्टीत घरी आलात की जेवतानाही आईशी तसंच बोलायचात.”

“त्यावर दिली शिष्यवृत्ती?”

“त्यावरच.”

“मग तिकडं लिही नीट. आम्ही ओरडत नव्हतो.”

गाडी लागली. मुलगी खिडकीशी बसून काहीतरी बोलली, पण इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही. म्हाताऱ्याने हात वर करून बोटं हलवली. तिनेही आतून तशीच हलवली, आणि मग पदराने डोळे पुसले.

गाडी गेल्यावर गोदाताईंना राहवलं नाही.

“काय सांगितलंत हो तिला?”

“दोन वर्षांची पाळी हाय, सुटली की फाटकाशी थांबतो म्हटलं.”