भैरोबाचा उजवा डोळा

मुरारी : झाला पंचनामा, काकी. चोर परगावचा. देवाचा चांदीचा मुखवटा उचलला, पाठलागाच्या भीतीनं विहिरीत टाकला आणि चाकणच्या वाटेनं पळाला. इतक्या वर्षांनी गाळ उपसताना भैरोबा वर आले. प्रकरण मिटलं.

ठकुबाई : आन् आमच्यावरचा डाग?

मुरारी : गेनबाकाकांचं नाव कागदावर कुठंच नाही.

ठकुबाई : कागदाव कवाच नव्हतं. गावाच्या तोंडात हाय. गुरवानंच देव विकला म्हनत्यात. पूजा काढून घेतली. दिघीला लष्कराच्या गुदामात गोण्या वाहून मालक गेले. गोऱ्याचं राज गेलं, पर माझ्या लेकाला, कोंडाजीला, अजून देवळाची पायरी चढू देत न्हाईत. तू पुण्याचा गुप्त पोलीस ना रं? नीट बघ की.

मुरारी : माझी नजर चुकत नाही, काकी. खात्यात विचारा कुणालाही.

ठकुबाई : व्हय? मग चोर देवाचा डोळा कोरत बसतो का, त्येवढं सांग.

मुरारी : डोळा?

ठकुबाई : दोनी झिजून सपाट झालते. आता डावा बघ. कसा जित्ता वाटतो. उजवा तसाच, आन् त्याखाली गाल फाटलाय.

मुरारी : मागं राळ भरलीय. चांदीवर ठोकताना पत्रा दबू नये म्हणून सोनार भरतात. म्हणजे काम सोनाराचं. आणि गावात सोनाराचं घर...

ठकुबाई : बोल की. थांबलास का?

मुरारी : एकच. आमचं.

ठकुबाई : काखेत कळसा आन् गावाला वळसा! ह्ये घे.

(ती कनवटीची पुरचुंडी सोडून एक बारीक छिन्नी त्याच्यापुढे ठेवते.)

मुरारी : माझी छिन्नी!

ठकुबाई : मुखवटा गेला त्या सकाळी मालकांना देवळामागं घावली.

मुरारी : काकांना ठाऊक होतं? आणि चावडीवर गप्प राहिले?

ठकुबाई : म्हनायचे, पोराच्या हातात कला हाय. तुरुंगात खडी फोडून हात मोडंल.

मुरारी : असा डोळा कोरायचा होता, की देवानं गावाकडं बघितलंच पाहिजे. घाव घसरला, गाल फाटला. घाबरून विहिरीत टाकला. गावानं काकांना चावडीवर धरलं तेव्हा मी तिथंच गर्दीत उभा होतो, काकी. पुन्हा कधी छिन्नीला शिवलो नाही.

ठकुबाई : त्येच खातंय मला. त्यांनी तुजा हात राखला, आन् तू त्यात दांडकं धरलंस!

मुरारी : हा पंचनामा फाडला. संध्याकाळी गाव चावडीवर बोलवा. मी सांगतो सगळं.

ठकुबाई : आन् नोकरी?

मुरारी : गेली तर गेली. चोर मात्र मीच पकडला, एवढं खात्याला मानावं लागेल.

ठकुबाई : हसतोस व्हय! आन् ह्यो उजवा डोळा?

मुरारी : गाव हात लावू देईल मला?

ठकुबाई : गावाला मी बघते. आधी मालकांचं नाव, मागनं देवाचा डोळा. सकाळचं ऊन आमच्या वसरीवर चांगलं येतं. तितंच बस.