मी मुलाविरुद्ध साक्ष दिली

माझं नाव सुमित्राबाई. जन्म कृष्णराजनगरचा, इथून म्हैसूरहून बसनं तास-दीड तास, कावेरीच्या काठी, चारी बाजूंनी भाताची शेतं. आमची शेतं नव्हेत हो, आमचे वडील तिथल्या राइस मिलमध्ये कारकून. पूर्वज कधीतरी महाराष्ट्रातून आले म्हणून सांगतात, पण कुठल्या गावचे ते आजोबांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, असं चाललं. आमची मराठी ऐकून तुम्हाला हसू येईल, तुम्ही तिकडच्या, महाराष्ट्रातल्या. बोलता बोलता माझं अर्धं कन्नडच होऊन जातं. परवागिल्ला, चालायचंच, कळलं नाही की विचारा. लिहिताना नीट करून लिहा म्हणणार होते, पण नको, आहे तसंच राहू दे.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन म्हैसूरला आले, सरस्वतीपुरमला, सासऱ्यांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर, मागं एक नारळ. आमचे यजमान छापखान्यात बाइंडिंगला होते. आता काय सांगू तुम्हाला, माणूस कसा होता म्हणून विचाराल तर सगळी गल्ली चांगलंच सांगेल. दारू नाही, विडी नाही, पानसुद्धा नाही. शर्टाला रोज इस्त्री. मोठ्यानं बोलणं नाही. आणि मारायचे. रागानं आरडाओरडा करून मारतात तसं नाही, मारायच्या आधी घड्याळ काढून फळीवर ठेवायचे, उजव्या हाताची बाही दोन घड्या वर घ्यायचे, मग. कारण काय, तर मी दारात उभी होते, किंवा सारात मीठ पडलं नाही, किंवा बहिणीचं पत्र आलं ते आधी मी फोडलं. झालं की बाही खाली, घड्याळ हातात, जेवायला बसायचे. मीच वाढायची.

आमच्या सासूबाई वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझं सगळं केलं. पण ह्यांनी घड्याळ काढलं की सासूबाई उठायच्या आणि रेडिओ मोठा करायच्या. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. शेजारच्या अक्का एकदा मला म्हणाल्या, तुमच्या सासूला गाण्याची फार हौस दिसते. मी हो म्हटलं. माहेरी एकदा वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, संध्याकाळच्या बसनं सोडून येतो तुला. मत्ते, म्हणजे पुन्हा, कधी सांगितलं नाही.

एकच मुलगा मला, अनंत. त्याला काही कळू देत नव्हते, म्हणजे असं मला वाटायचं. तो अकरावीत असताना सासूबाई गेल्या, तो कॉलेजला असताना हे गेले, छातीत कळ आली आणि दोन दिवसांत संपलं. तेराव्याला लोक येऊन रडून गेले, असा माणूस होणे नाही म्हणाले. मी पण रडले. खोटं नाही रडले. का रडले ते आजपण मला सांगता येणार नाही.

अनंत हुशार. बीकॉम केलं, इथंच एका कंपनीत लागला, सेल्सला. मुलगी पाहिली मिरजेची, वैशाली. आमच्यात मुली तिकडून आणायची फार हौस, शुद्ध मराठी बोलणारी सून पाहिजे म्हणून. वडील नव्हते तिला, भावानं लग्न करून दिलं. आली तेव्हा कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं पोरीला. भाजीवाला काय म्हणतो कळायचं नाही, बसची पाटी वाचता यायची नाही, तेव्हा दुपारी मी तिला शिकवायची. ती मला विचारायची, आई, इथं प्रत्येक वाक्याला अय्यो का म्हणतात? मी म्हटलं, काही नाही गं, सुम्ने म्हणतात, उगीच. दोघी हसायचो. अनंत मला अम्मा म्हणतो आणि ती आई म्हणते, एकाच घरात मी दोन नावांची.

गौरी झाली. दोन-तीन वर्षं बरी गेली. मग अनंताचं बेंगळूरला जाणं वाढलं, मीटिंग म्हणून. तिथं त्याच्या ऑफिसातली एक बाई होती. वैशालीला त्याच्या फोनमधून कळलं, तिनं विचारलं, आणि त्यानं मारलं. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात चटणी वाटत होते. आतून आवाज आला. मी त्या आवाजाला ओळखते हो, तो आवाज मला पाठ आहे. आणि मी काय केलं सांगू का, मिक्सर बंद करून आत गेले नाही. चटणी झाली होती तरी मिक्सर चालूच ठेवला. तेव्हा मनात काही आलं नाही, हात आपोआप बटणावर राहिला. असं मग कितीदा झालं. मी मोजलं नाही.

एका सकाळी त्यानं कानाखाली मारली, आणि वैशालीच्या डाव्या कानातून रक्त आलं. आम्ही तिघं ऑटोनं दवाखान्यात गेलो, गौरी शेजारी ठेवली. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, तिनं कान पाहिला, पडदा फाटलाय म्हणाली, कसं झालं? अनंत म्हणाला, बाथरूममध्ये घसरली. डॉक्टरनं त्याच्याकडं पाहिलंच नाही, ती माझ्याकडं पाहत राहिली. अम्मा, तुम्ही घरात होता ना, तुम्ही सांगा. मी म्हटलं, होय, घसरली. तिनं ते कागदावर लिहिलं, सासूने असं सांगितलं म्हणून. वैशाली कानावर रुमाल धरून बसली होती. येताना ऑटोत ती माझ्या उजवीकडं बसली होती, माझ्या बाजूचा कान तो फुटका, तर मध्येच उतरून फिरून डावीकडं येऊन बसली. मी काही बोलले तर ऐकू यावं म्हणून. मी सगळ्या वाटेत काही बोलले नाही.

मिरजेला भावाला तिनं कळवलं. भाऊ म्हणाला, समजून घे, लहान मूल आहे. म्हणजे पाहा, माझे वडील मरून किती वर्षं झाली होती, तरी बोलणं तेच.

मग तो दिवस. रविवार होता, सकाळचे नऊ-साडेनऊ. मी मागं नारळाच्या झाडाखाली कपडे वाळत घालत होते. आत अनंताचा आवाज चढला. आणि एकदम मिक्सर सुरू झाला. मला वाटलं, घरात मी नाही, वैशाली त्याच्यासमोर आहे, मग मिक्सर कोणी लावला? आत येऊन बघते तर गौरी. चार वर्षांची. स्टूल ओढून त्यावर उभी, एक हात बटणावर, भांडं रिकामं, पाती सुम्ने फिरतायत. माझ्याकडं बघून म्हणाली, अज्जी, मी केलं.

शाबासकी मागत होती हो ती. मदत केली म्हणून.

काय सांगू तुम्हाला, ह्यांनी मला बावीस वर्षं मारलं, ते मी सोसलं, हे सोसवेना. सासूबाईंनी मला शिकवलं नव्हतं, मीही गौरीला शिकवलं नव्हतं, तरी ते सासूबाईंच्या पणतीपर्यंत बरोबर पोचलं. मी मिक्सर बंद केला, गौरीला खाली उतरवलं आणि त्या खोलीत गेले. त्याचा हात वर होता. मी मध्ये जाऊन उभी राहिले, माझी उंची त्याच्या खांद्याएवढीपण नाही. म्हटलं, अनंता, कपडे भर आणि घरातून जा. तो म्हणाला, अम्मा, तू बाजूला हो, हे आमचं नवरा-बायकोचं आहे. मी म्हटलं, घर माझ्या नावावर आहे. तू जा. मी मोठ्यानं बोलले नाही. पण तिथून हलले नाही. तासाभरात बॅग घेऊन गेला. जाताना गौरीच्या डोक्यावरून हात फिरवला, तेही सांगते, लपवत नाही.

वैशालीनं केस केली, मारहाणीची आणि घटस्फोटाची. त्यावर आमचे थोरले दीर आले, पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, दारातल्या पायऱ्या चढताना धाप लागत होती, येऊन म्हणाले, सुमित्रा, सून परकी, मुलगा तुझा, उद्या तुला अग्नी कोण देणार? मी त्यांना पाणी दिलं, कॉफी दिली. म्हटलं, अण्णा, अग्नी कोणी दिला तरी चटका लागेल असं मला वाटत नाही. ते उठून गेले. तेव्हापासून त्या घरच्या मुंजी-लग्नांची पत्रिका नाही. गौरी-गणपतीच्या सणाला माझ्या हातचे कडबू लागायचे त्यांना, ते बंद झालं. वाईट वाटलं. अजून वाटतं.

कोर्टात मला बोलावलं. अनंताच्या वकिलानं दवाखान्याचा तो कागद काढला, बघा, सासूनंच सांगितलंय घसरून पडली म्हणून. अनंत तिथंच, चार हातांवर उभा होता, निळ्या शर्टात, बारीक झाला होता. जज्ज बाई होत्या. त्यांनी कन्नडमध्ये मला विचारलं, अम्मा, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?

मी म्हटलं, तेव्हा.

का बोललात?

मी म्हटलं, सवय होती.

मग त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, सावकाश सांगा. मी सगळं सांगितलं. घड्याळाचं, रेडिओचं, मिक्सरचं. ह्यांच्याबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले, ते कोर्टात, अनोळखी लोकांसमोर. अनंत फरशीकडं बघत होता. बाहेर पायऱ्यांवर तो माझ्याजवळ आला. म्हणाला, अम्मा, तू असं करशील असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मलाही वाटलं नव्हतं. अष्टे, एवढंच. मग तो गेला आणि सात वर्षं त्याचा आवाज मी ऐकला नाही.

लोकांना वाटतं, झालं, घटस्फोट मिळाला, सुटली बायको. तसं नसतं हो. गौरी शाळेत वर्षभर तोंड उघडत नव्हती, टीचर बोलावून विचारायची, मुलीला ऐकू येतं ना? स्टीलचं ताट पडलं तरी ती पळून माझ्या पदरात यायची. वैशाली हसायची थांबली होती, नुसतं काम करायची. आणि मी, मला अनंताची आठवण यायची. बटाट्याचं पल्ल्या, म्हणजे भाजी, केलं की हात आपसूक जास्त करायचा, मग ते उरायचं. त्याचा मला राग होता आणि त्याच्यासाठी जीव तुटायचा, दोन्ही एकाच वेळी. वैशालीसमोर रडता येत नव्हतं, म्हणून मागं कपडे धुताना रडायची. एक दिवस ती मागं आली, माझ्याशेजारी बसली, तिचा चांगला कान माझ्याकडं करून, आणि म्हणाली, आई, तुम्ही त्याच्यासाठी रडलात तर मला वाईट वाटणार नाही. तुमचा मुलगा आहे तो. मी त्या पोरीचे पाय धरायचे बाकी होते.

वैशाली चष्म्याच्या दुकानात लागली. कन्नड आता माझ्यापेक्षा फर्डं बोलते, गिऱ्हाइकांशी भांडते पण कन्नडमध्ये. तिच्याच दुकानात येणाऱ्या एका बाईंनी आपण बसलोय त्या या गोकुलमच्या घरचं सांगितलं, योगाला परदेशी मुलं-मुली येऊन राहतात, नाश्ता करायला कोणीतरी पाहिजे म्हणून. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी नोकरीला लागले, बघा. पहाटेचा योग करून ही पोरं भुकेनं अर्धी होऊन येतात, मी इडल्या काढते, पोहे करते, तिखट कमी. एक मुलगी रोज मला विचारते, चटणीत काय घातलं, मी रोज तेच सांगते, तीही रोज तेच लिहून घेते. माझं बरं चाललंय. गौरी तेरा वर्षांची झाली, आता इतकी बोलते की मीच तिला गप्प म्हणते आणि म्हटलं की माझी मीच जीभ चावते.

अनंतानं बेंगळूरला दुसरं लग्न केलं. त्या ऑफिसातल्या बाईशी नाही, दुसऱ्याच मुलीशी, कन्नड घरातली. मला नात्यातल्या कोणीतरी सांगितलं आणि माझं अन्न गोड लागेना. शेवटी त्या मुलीचा नंबर मिळवला आणि फोन केला. म्हटलं, मी अनंताची आई. तुला एक सांगायचंय, सांगितल्यावर तू फोन ठेवलास तरी चालेल. सगळं सांगितलं. ती पोर म्हणाली, अम्मा, मला माहीत आहे, त्यांनी लग्नाआधी स्वतःच सांगितलं, दर शनिवारी ते एका डॉक्टरकडं बोलायला जातात. मी म्हटलं, जात असेल तर चांगलंच. तरी माझा नंबर लिहून ठेव. ती म्हणाली, ठेवते. खरं किती, खोटं किती, देव जाणे. मी अर्धा विश्वास ठेवते.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, मग विचारलं, अम्मा, अप्पा तुला मारायचे तेव्हा मी कुठं असायचो? मी म्हटलं, तुला मी कोथिंबीर आणायला पाठवायची, तुला कळू नये म्हणून. तो म्हणाला, मी कोथिंबीर आणायला जायचो नाही अम्मा, मी गेटला धरून उभा राहायचो, संपलं की जायचो. मी म्हटलं, माझं चुकलं, तुला घेऊन मीच बाहेर पडायला पाहिजे होतं. तिकडून रडण्याचा आवाज आला. मी फोन कानाला लावून बसून राहिले. पण एक सांगितलं त्याला. म्हटलं, अनंता, तू गेटला उभा होतास ते खरं, पण हात तुझा होता. तो हूं म्हणाला.

दसऱ्याला येऊ का म्हणून विचारलं त्यानं. मी वैशालीला विचारल्याशिवाय सांगत नाही म्हटलं. ती दोन दिवस विचार करून म्हणाली, गौरीला भेटायचं असेल तर येऊ दे, दिवसा, मी दुकानात असेन तेव्हा. आणि गौरीची इच्छा असेल तर. गौरी म्हणाली, बघते. तेवढंच कळवलं त्याला. आला तर जेवायला वाढीन, आई आहे, न वाढून कुठं जाईन. त्याला, त्याच्या नव्या बायकोला, माझ्या वैशालीला, गौरीला, सगळ्यांना देव सुखात ठेवो म्हणून रोज मागते. फक्त वेगवेगळ्या घरांत ठेवो.